जुळ्या वासरांवरची टेस्ट फेल गेली, आणि त्यातूनच नोबेल मिळालं! पीटर मेडावर यांची गोष्ट

१९४८ साल. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरात जगभरातले जेनेटिक्सवाले एका परिषदेसाठी जमले होते. तिथे ह्यू डोनाल्ड नावाच्या संशोधकांची एका तरुण ब्रिटिश प्राध्यापकाशी गाठ पडली. डोनाल्ड स्कॉटलंडमध्ये गुरांच्या पैदाशीवर काम करायचे आणि त्यांची अडचण अगदी गोठ्यातली होती. गाईला जुळी वासरं झाली, तर ती एकाच बीजापासून झालेली आहेत की दोन वेगळ्या बीजांपासून, हे खात्रीने ओळखायचं कसं?

प्राध्यापकांनी फारसा विचार न करता उत्तर दिलं. एका वासराच्या कातडीचा छोटा तुकडा दुसऱ्याला लावा. तुकडा टिकला तर जुळी एकाच बीजाची, गळून पडला तर वेगळ्या बीजांची. विषय संपला.

पण विषय संपला नाही. ही टेस्ट सपशेल फेल गेली. आणि ती का फेल गेली याचा छडा लावता लावता त्या प्राध्यापकांना १९६० साली नोबेल मिळालं. आज कुणाची किडनी दुसऱ्याला बसवताना डॉक्टर ज्या विज्ञानाच्या आधारावर उभे असतात, त्याचा मोठा भाग या फेल गेलेल्या टेस्टमधून आलाय.

त्या प्राध्यापकांचं नाव पीटर मेडावर.

आधी जुळ्यांचं गणित

पुढची गोष्ट कळायला एवढं एक डोक्यात पक्कं हवं. आवळीजावळी भावंडं दोन प्रकारची असतात. एक फलित बीज फुटून त्याची दोन बाळं झाली, तर ती एकबीज जुळी. दोघांचा डीएनए जवळपास सारखाच. दुसऱ्या प्रकारात आईच्या शरीरातून एकाच वेळी दोन बीजं बाहेर पडतात आणि दोन वेगळ्या शुक्राणूंमुळे फलित होतात. ही द्विबीज जुळी. नात्याने ती साध्या सख्ख्या भावंडांइतकीच जवळची असतात, फक्त मुक्काम एकाच पोटात, एकाच वेळी. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर ती द्विबीजच, हे सोपं. दोन्ही मुली किंवा दोन्ही मुलगे असतील तर मात्र चेहऱ्यावरून ठरवणं अवघड जातं. वासरांच्या बाबतीत तर विचारूच नका.

डोनाल्ड यांना हे का हवं होतं? एकाच बीजाची दोन वासरं मिळाली की एकाला एक चारा आणि दुसऱ्याला वेगळा चारा घालून बघता येतं. फरक पडलाच तर तो चाऱ्याचा, रक्ताचा नाही. पण त्यासाठी जोडी एकबीज आहे याची खात्री हवी ना!

ब्राझीलचा मुलगा, जळालेला वैमानिक

मेडावर यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ चा, ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिस गावातला. वडील मूळचे लेबनॉनचे. रिओमध्ये ते दातांच्या डॉक्टरांना लागणारं सामान विकायचे. आई इंग्रज. पहिलं महायुद्ध संपता संपता कुटुंब इंग्लंडला आलं आणि मुलगा बोर्डिंग शाळेत गेला. मार्लबरो कॉलेज नावाची ही बडी शाळा त्यांना अजिबात आवडली नाही. तिथल्या जीवशास्त्राने मात्र त्यांना पकडून ठेवलं. पुढे ऑक्सफर्डचं मॉडलिन कॉलेज, प्राणीशास्त्रात पहिला वर्ग, आणि मग हॉवर्ड फ्लोरी यांची लॅब. हे फ्लोरी म्हणजे पेनिसिलिनचं औषध करून दाखवणारे. १९३७ मध्ये जीन टेलर यांच्याशी लग्न झालं. त्याही ऑक्सफर्डमध्ये प्राणीशास्त्रच शिकत होत्या. पुढे या दोघांना चार मुलं झाली.

इथपर्यंत सगळं एखाद्या हुशार, उंचपुऱ्या, क्रिकेट आणि ऑपेराची आवड असलेल्या तरुण प्राध्यापकाचं सरळ आयुष्य होतं. ते वळलं १९४० मध्ये.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. जीन आणि त्यांची लहान मुलगी घराच्या बागेत होत्या. अचानक एक बॉम्बफेकी विमान खाली येताना दिसलं आणि घरापासून थोड्याच अंतरावर कोसळून पेटलं. विमान ब्रिटिशच निघालं. आतला एक तरुण वैमानिक वाचला, पण त्याच्या अंगावरची बरीचशी कातडी जळून गेली होती. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मेडावर यांना बोलावलं. तुम्ही एवढे शास्त्रज्ञ, बघा काही करता येतं का.

अडचण अशी की भाजलेल्या माणसाला त्याच्याच अंगावरची दुसरीकडची कातडी काढून लावता येते आणि ती टिकते. पण अंग इतकं भाजलं असेल की लावायला कातडीच उरली नाही, तर? दुसऱ्या माणसाची लावली की सुरुवातीला ती छान बसते, आणि काही दिवसांत सडून गळून जाते. हे सर्जन लोकांना माहीत होतं. का होतं, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. वैमानिकाची उरलेली थोडीशी कातडी जास्तीत जास्त जागेवर पुरवायचे मेडावर यांनी नाना प्रयोग केले. फारसा उपयोग झाला नाही. पण तेव्हापासून हा एकच प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला.

सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांना ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत पाठवलं, तिथल्या भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात. तिथे टॉम गिब्सन नावाचे सर्जन होते. गॅसच्या शेगडीने भाजलेल्या एका तरुणीला दोघांनी तिच्या भावाच्या कातडीचे छोटे छोटे तुकडे लावले. ते बसले आणि काही दिवसांनी गेले. मग त्याच भावाच्या कातडीचे तुकडे दुसऱ्यांदा लावले. या वेळी ते आणखी लवकर गेले!

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते, पण सगळी मेख इथेच आहे. शरीराने भावाची कातडी लक्षात ठेवली होती. एकदा गोवर झाला की शरीर तो आजार ओळखून ठेवतं, तसंच. म्हणजे कातडी गळून पडते ती सर्जनच्या टाक्यांमुळे नाही. शरीराची जंतूंशी लढणारी फौज, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा, ती बाहेर हाकलते. १९४३ मध्ये दोघांनी हे प्रसिद्ध केलं. मेडावर यांनी ऑक्सफर्डला परतून सशांवर शेकडो ग्राफ्ट करून ते पक्कं केलं. १९४७ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणीशास्त्राचे प्रोफेसर झाले.

आता लक्षात येईल, स्टॉकहोममध्ये ते इतक्या खात्रीने का बोलले. परक्याची कातडी शरीर नाकारतं, हा नियम त्यांनीच सिद्ध केला होता. द्विबीज जुळी म्हणजे साधी भावंडं. ग्लासगोच्या तरुणीने सख्ख्या भावाची कातडी नाकारली, तर वासरू कशाला घेईल?

गोठ्यात नियम मोडला

शब्द दिला होता, त्यामुळे काम करणं आलं. मेडावर आणि त्यांचे विद्यार्थी रूपर्ट बिलिंगहॅम स्टॅफर्डशायरमधल्या एका फार्मवर जाऊ लागले. ऑपरेशन थिएटर सोडून गोठ्यात, ससे सोडून वासरांवर.

निकाल विचित्र आला. जवळजवळ सगळ्या जोड्यांनी एकमेकांची कातडी स्वीकारली. एकवेळ म्हणता आलं असतं की सगळ्या जोड्या योगायोगाने एकबीज निघाल्या. पण त्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड अशा जोड्याही होत्या! त्या एकबीज असणं शक्यच नव्हतं.

बरं, गाईगुरांचं शरीरच मुळात सहनशील असेल, कुणाचीही कातडी घेत असेल, अशीही शंका होती. म्हणून जुळं नसलेल्या भावंडांची कातडी लावून पाहिली. ती रीतसर गळून पडली. म्हणजे नियम शाबूत होता. फक्त पोटातल्या जोडीदारासाठी त्याला अपवाद होता.

जुळी ओळखायची टेस्ट म्हणून हा प्रकार निकामी ठरला. एखाद्याने डोनाल्ड यांना दिलगिरीचं पत्र लिहून काम गुंडाळलं असतं. मेडावर यांनी तसं केलं नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा निर्णय बहुधा हाच.

उत्तर एका पुस्तकातून हाती लागलं. ऑस्ट्रेलियाचे फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट आणि फ्रँक फेनर यांनी १९४९ मध्ये अँटिबॉडींवर एक पुस्तक काढलं होतं. त्यात अमेरिकेतल्या रे ओवेन यांच्या १९४५ च्या एका निबंधाचा उल्लेख होता. हा निबंध मेडावर यांच्या पाहण्यात आला नव्हता. गंमत म्हणजे तोही जुळ्या वासरांवरचाच होता.

एका शरीरात दोन रक्तं

ओवेन विस्कॉन्सिन विद्यापीठात गुरांच्या रक्तगटांवर काम करत. तिथे मेरीलँडमधल्या एका गोपालकाची अजब तक्रार आली. त्याच्या गाईला एकाच दिवशी आधी गर्न्सी जातीचा आणि मग हेरफर्ड जातीचा वळू लागला होता. जुळी झाली, तर कालवड गर्न्सीसारखी आणि गोऱ्ह्याचं तोंड हेरफर्डसारखं पांढरं. म्हणजे एका वेतात दोन बाप! ही द्विबीज जुळी होती, यात वादच नव्हता. पण दोघांचं रक्त तपासलं तर ते अगदी एकसारखं. दोघांच्याही रक्तात दोन्ही बापांच्या खुणा.

हे त्यांनी ओळखलं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आजची पद्धतही मुळात तीच आहे.

गुरांच्या लाल पेशींवर वेगवेगळ्या खुणा असतात. लॅबमध्ये एकेक खूण ओळखणारी सिरम तयार असायची. रक्तात एखादं सिरम आणि सोबत पेशी फोडणारा पूरक घटक घातला, की ती खूण असलेल्या सगळ्या पेशी फुटतात. खूण नसेल तर एकही फुटत नाही. मधलं काही नाही, सगळ्या किंवा एकही नाही. जुळ्यांच्या रक्तात मात्र काही पेशी फुटायच्या आणि उरलेल्या कितीही वेळ ठेवलं तरी तशाच राहायच्या. त्या उरलेल्या पेशी धुवून त्यांच्यावर दुसरं सिरम घातलं की मग त्या फुटायच्या. म्हणजे नळीत एक नाही, दोन प्राण्यांचं रक्त होतं.

हे रक्त मिसळलं कुठे? गाईच्या पोटात. शिकागोचे फ्रँक लिली यांनी १९१६-१७ मध्येच दाखवलं होतं की गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारा एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात. गोऱ्ह्यासोबत जन्मलेली कालवड बहुतेक वेळा गाभण राहत नाही, ते यामुळेच. गोऱ्ह्याच्या बाजूने येणाऱ्या हार्मोन्सचा तिच्या वाढत्या अवयवांवर परिणाम होतो. इंग्लंडमध्ये अशा कालवडीला फ्रीमार्टिन म्हणत, आणि तिच्यावर सर्जन जॉन हंटर यांनी १७७९ मध्येच लिहून ठेवलं होतं.

ओवेन यांनी पुढचा धागा पकडला. लाल पेशी फार तर काही महिने जगते. पण ही वासरं मोठी झाली तरी त्यांच्या रक्तात जोडीदाराच्या पेशी सापडतच होत्या. याचा अर्थ पोटात नुसत्या तयार पेशी गेल्या नव्हत्या. रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी एका शरीरातून दुसऱ्यात जाऊन हाडांच्या मगजात ठाण मांडून बसल्या होत्या. भाडेकरू म्हणून आल्या आणि कायमच्या घरच्या झाल्या.

अशा दोन मुळांच्या पेशी असलेल्या जिवाला कायमेरा म्हणतात. ग्रीक पुराणातल्या सिंहाचं तोंड, बोकडाचं धड आणि सापाची शेपटी असलेल्या प्राण्याचं हे नाव. आपल्याकडचा नरसिंह आठवा, म्हणजे कल्पना येईल. फरक एवढाच की रक्ताचा कायमेरा बाहेरून पूर्णपणे साधा दिसतो.

मेडावर यांच्या वासरांचं कोडं सुटलं. जोडीदाराच्या पेशी शरीराची फौज तयार होण्याआधीच आत आल्या होत्या. फौज शिकत होती तेव्हा हे सगळे आपलेच, असं ती शिकली. म्हणून पुढे त्याच जोडीदाराची कातडी आली तर तिने हत्यार उचललं नाही. बर्नेट यांनी असं काहीतरी होत असणार असा अंदाज पुस्तकात बांधला होता, पण त्यांना तो प्रयोगात दाखवता आला नव्हता.

तपकिरी उंदरावर पांढरी कातडी

१९५१ मध्ये मेडावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. सोबत बिलिंगहॅम आणि नवे विद्यार्थी लेस्ली ब्रेंट. ब्रेंट जर्मनीत जन्मलेले ज्यू. नाझींच्या तावडीतून मुलांना इंग्लंडला आणणाऱ्या मोहिमेतून ते लहानपणी एकटे इथे आले होते. त्यांचं कुटुंब मागेच राहिलं आणि मारलं गेलं.

गाईने जे आपसूक केलं, ते मुद्दाम करून बघायचं तिघांनी ठरवलं. तपकिरी जातीच्या गाभण उंदरीच्या पोटातल्या पिल्लांना त्यांनी पांढऱ्या जातीच्या उंदरांच्या पेशी टोचल्या. पिल्लं जन्मली, मोठी झाली. मग त्यांच्यावर पांढऱ्या उंदराची कातडी लावली. एरवी ती दोनेक आठवड्यांत गेली असती. यातल्या काहींवर ती टिकली, नुसती टिकली नाही तर तिच्यावर पांढरी लव उगवली. तपकिरी उंदीर, पाठीवर पांढरा ठिगळाचा केसाळ तुकडा. तिसऱ्याच जातीची कातडी लावली तर ती मात्र गळायची, म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी झाली नव्हती, ती फक्त एकाला ओळखत होती. आणि साध्या तपकिरी उंदराच्या लढाऊ पेशी त्या उंदरात सोडल्या की टिकलेली कातडीही जायची.

ऑक्टोबर १९५३ मध्ये हे नेचरमध्ये छापून आलं. त्याच काळात प्रागमध्ये मिलान हाशेक यांनी कोंबडीच्या दोन अंड्यांतल्या पिल्लांचं रक्ताभिसरण जोडून तसंच काही पाहिलं होतं, एकमेकांच्या कामाची खबर नसताना. सर्जन लोकांसाठी ही बातमी फार मोठी होती. परक्याचा अवयव शरीर स्वीकारूच शकत नाही, हा निसर्गाचा अटळ कायदा नाही, हे पहिल्यांदा दिसलं. इंजेक्शन पोटातल्या पिल्लाला द्यावं लागतं आणि किडनी मात्र मोठ्या माणसाला हवी असते, ही अडचण होतीच. पण दार आहे हे तरी कळलं.

आणि मग एक माणूस सापडला

त्याच १९५३ मध्ये इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये एका पंचवीस वर्षांच्या बाईने रक्तदान केलं. तिथल्या रक्तपेढीतले आयव्हर डन्सफर्ड तिचा गट तपासत होते. ए गट ओळखणारं सिरम घातल्यावर काही पेशींच्या गुठळ्या झाल्या, बाकीच्या मोकळ्या फिरत राहिल्या. जणू कुणी ए आणि ओ अशा दोन बाटल्या एकत्र ओतल्या होत्या. तिला कधी दुसऱ्याचं रक्त चढवलेलं नव्हतं.

नमुना लंडनला रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांच्याकडे गेला. रक्तगटांच्या बाबतीत या दोघांचा शब्द शेवटचा मानला जायचा. (एक नातं इथे सांगायलाच हवं. आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, मुंबईत डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी जो बॉम्बे ब्लड ग्रुप शोधला, त्या निबंधातही रेस आणि सँगर यांची नावं आहेत.) ओवेन यांच्या गाई रेस यांना माहीत होत्या. त्यांनी शेफिल्डला एकच प्रश्न विचारायला सांगितला. या बाईंना जुळं भावंड होतं का?

होतं. जुळा भाऊ होता. तो तीन महिन्यांचा असतानाच गेला होता.

पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या तान्ह्या भावाचं रक्त बहिणीच्या अंगात अजून तयार होत होतं. यातलं तिचं स्वतःचं कोणतं आणि भावाचं कोणतं, हे कशावरून ठरवलं? थुंकीवरून. बऱ्याच लोकांच्या थुंकीत त्यांच्या रक्तगटाची खूण उतरते आणि थुंकी तयार करणाऱ्या ग्रंथी भावाकडून आलेल्या नसतात. तिच्या थुंकीत ए ची खूण नव्हती, ओ गटाच्या माणसात असते ती एच नावाची खूण होती. म्हणजे ती स्वतः ओ, आणि ए पेशी भावाच्या. ही एच खूण म्हणजे तीच, जी बॉम्बे गटाच्या माणसांच्या रक्तात नसते. माणसातला रक्ताच्या कायमेराचा हा पहिला नोंदलेला नमुना.

आज एखाद्या रक्तपेढीत असं मिश्र चित्र दिसलं, तर तंत्रज्ञ सगळ्यात आधी साधी कारणं तपासतात. नुकतंच रक्त चढवलंय का? बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालंय का? ए गटाचा एखादा कमजोर उपप्रकार तर नाही? जेल कार्डवर हे चित्र लगेच नजरेत भरतं. काही पेशी वर अडकतात, काही तळाशी बसतात. ही कारणं बाद झाली की मग जुळ्याचा प्रश्न येतो. फ्लो सायटोमीटर नावाचं मशीन पेशी एकेक करून मोजतं आणि दोन गटांचं प्रमाण सांगतं. जुळी बहीण-भाऊ असतील तर बहिणीच्या पांढऱ्या पेशींत एक्सवाय गुणसूत्रं सापडू शकतात. डीएनए तपासणीत एका जागी एका माणसाच्या जास्तीत जास्त दोन खुणा यायला हव्यात, इथे तीन किंवा चार येतात.

आणि रक्ताची तुलना शरीराच्या दुसऱ्या भागाशी करावीच लागते. केसाचं मूळ किंवा नख त्यासाठी बरं. गालाच्या आतून घेतलेला नमुना सोपा, पण त्यातही रक्तातल्या पांढऱ्या पेशी येतात, त्यामुळे तो कधी कधी फसवतो. इथेच डोनाल्ड यांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. जुळी एकबीज आहेत की द्विबीज, हे फक्त रक्तावरून ठरवलं आणि दोघं रक्ताचे कायमेरा असतील, तर उत्तर चुकू शकतं.

हे किती लोकांत असतं? माणसात द्विबीज जुळ्यांच्या वारा बहुतेक वेळा वेगळ्या असतात, म्हणून गाईंइतकं सर्रास नाही. पण १९९६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी फार बारीक पद्धतीने तपासलं, तेव्हा जुळ्यांच्या सुमारे ८ टक्के जोड्यांत आणि तिळ्यांत सुमारे २१ टक्के जोड्यांत थोड्या का होईना, भावंडाच्या लाल पेशी मिळाल्या. बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. त्यात आजार असा काही नाही. आणि कालवडीसारखं मुलगी वांझ होते वगैरे माणसात दिसत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पोटातच जुळ्याला गिळलं टाइपचे जे रील फिरतात, तो प्रकारही वेगळा. त्यात दोन गर्भ सुरुवातीलाच एक होऊन एकच बाळ जन्मतं. रक्ताच्या कायमेरात दोन्ही बाळं वेगळी जन्मतात, उसनं असतं ते फक्त रक्त.

नोबेल, आणि नंतरचं

१९५४ मध्ये बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिली यशस्वी किडनी बसवली, ती एकबीज जुळ्या भावाची. जुळी खरंच एकबीज आहेत ना, हे बघायला आधी कातडीचा तुकडा लावून पाहिला होता. मेडावर यांनी डोनाल्ड यांना सुचवलेली टेस्ट माणसावर तरी चालली म्हणायची.

१९६० चं नोबेल बर्नेट आणि मेडावर यांना विभागून मिळालं. ओवेन यांचं नाव त्यात नव्हतं. ही चूक होती, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यात स्वतः मेडावर होते. त्यांनी ओवेन यांना तसं पत्र लिहिलं. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांच्याबरोबर वाटून घेतली. नोबेलच्या इतिहासात श्रेयावरून झालेली भांडणं पाहिली तर हे वागणं दुर्मीळच.

१९६२ मध्ये ते मिल हिलच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चचे संचालक झाले, १९६५ मध्ये सर झाले. विज्ञानावर इतकं चटपटीत लिहिणारा माणूस ब्रिटनमध्ये तेव्हा दुसरा नव्हता.

सप्टेंबर १९६९. ब्रिटिश असोसिएशन या मोठ्या विज्ञानसंस्थेचे ते अध्यक्ष होते. एक्सेटरच्या कॅथेड्रलमध्ये वाचन करताना त्यांना मेंदूचा झटका आला. वय ५४. डावी बाजू लुळी पडली, नजर अधू झाली. संचालकपद १९७१ मध्ये सुटलं, काम सुटलं नाही. हॅरोच्या क्लिनिकल रिसर्च सेंटरमध्ये ते जात राहिले. पुढे आणखी झटके आले. जीन त्यांच्यासोबत प्रवासाला असत, लिखाणाला बसत, दोघांनी मिळून पुस्तकंही काढली. तरुण शास्त्रज्ञांना सल्ला देणारं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक १९७९ चं, म्हणजे झटक्यानंतर दहा वर्षांनी आलेलं. १९८६ च्या आत्मचरित्राच्या नावात त्यांनी स्वतःला विचार करणारा मुळा म्हणवून घेतलंय. हो, भाजीतला मुळा!

२ ऑक्टोबर १९८७ ला लंडनमध्ये ते गेले.

तोपर्यंत किडनी, यकृत, हृदय बसवणं रुळलं होतं, पण ते प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांच्या जोरावर. त्या गोळ्या बहुतेक रुग्णांना आजही जन्मभर घ्याव्या लागतात. उंदरात जमलेलं माणसात आणायला आणखी वीस वर्षं लागली. २००८ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना किडनीबरोबर त्याच दात्याचा बोनमॅरोही दिला होता, म्हणजे काही काळ त्यांच्या रक्तात दोन माणसांच्या पेशी एकत्र नांदतील. पाचपैकी चौघांच्या गोळ्या पूर्ण थांबवता आल्या.